धडधड, घाम आणि गोळ्या: अनुकंपी चेतासंस्थेवर काम करणाऱ्या औषधांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला लग्नाच्या पंगतीतही सुटका नसते. जिलेबी वाढली जात असताना शेजारचा खिशातून गोळ्यांची पट्टी काढतो आणि विचारतो, "सर, ही कशाची?" पंगतीत, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर आलेले असे प्रश्न मी लिहून ठेवत गेलो. नाकाचे थेंब, दम्याचा पंप, बीपीची गोळी, प्रोस्टेटची गोळी, विंचवाचा दंश, असे त्यांचे विषय वेगवेगळे होते. पण त्यातले बरेचसे एकाच यंत्रणेशी येऊन थांबतात, हे पुढे लक्षात आलं. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. हे वाचून स्वतःचा डोस स्वतः बदलू नका. का बदलू नये, ते आठव्या प्रश्नात आहे.

१. अनुकंपी चेतासंस्था म्हणजे नक्की काय? शाळेत वाचलं होतं, आता काही आठवत नाही.

अंधारात कुत्रं अंगावर धावून आलं की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, तळहातांना घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. यातलं काहीच तुम्ही ठरवून करत नाही. हे काम अनुकंपी चेतासंस्थेचं. तिच्या नसा मज्जारज्जूच्या छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागातून निघतात, मणक्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या गुच्छिकांत, म्हणजे चेतापेशींच्या गाठींत, टप्पा घेतात आणि पुढे हृदय, रक्तवाहिन्या, श्वासनलिका, आतडी, मूत्राशय, डोळे अशा सगळीकडे जातात. नसेच्या टोकाशी नॉरॲड्रेनालिन हे रसायन सुटतं. शिवाय मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी थेट रक्तात ॲड्रेनालिन सोडतात. विश्रांती आणि पचन सांभाळणारी परानुकंपी चेतासंस्था ही तिची जोडीदार.

ही यंत्रणा फक्त संकटात जागी होते, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. सकाळी अंथरुणातून उठून उभं राहताना रक्त पायांत साचून तुम्हाला भोवळ येत नाही, तेही तिच्यामुळेच. चोवीस तास ती थोडी थोडी चालूच असते.

एक अपवाद आत्ताच लक्षात ठेवा. घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या नसा अनुकंपीच असतात, पण त्यांच्या टोकाशी नॉरॲड्रेनालिन नसून ॲसिटिलकोलिन हे दुसरंच रसायन सुटतं. हे बारीकसं वाटणारं कलम प्रश्न ७ मध्ये जीव वाचवण्याच्या कामी येतं.

२. डॉक्टर "अल्फा", "बीटा" म्हणतात, ही काय भानगड आहे?

एकाच ॲड्रेनालिनने त्वचेतली रक्तवाहिनी आवळते आणि श्वासनलिका मात्र सैल होते. हे कसं, याचं कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. १९४८ मध्ये रेमंड अहलक्विस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडलं की रसायन एकच असलं तरी ते ज्यांवर जाऊन बसतं ते रिसेप्टर दोन जातींचे आहेत. त्यांना त्याने अल्फा आणि बीटा अशी नावं दिली. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरची बटणं समजा. त्या काळी हे फारसं कोणी मनावर घेतलं नाही. पुढे जेम्स ब्लॅक यांनी याच कल्पनेवरून प्रोप्रानोलॉल घडवलं, ते १९६० च्या दशकात वापरात आलं, आणि १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्यांचं नाव होतं.

आज कामापुरतं इतकं पुरे: अल्फा-१ दाबलं की रक्तवाहिन्या आवळतात, बाहुली मोठी होते, मूत्राशयाचं तोंड आणि प्रोस्टेट घट्ट होतात. अल्फा-२ हा ब्रेक आहे. नसेच्या टोकाशी आणि मेंदूत तो दाबला की पुढचं नॉरॲड्रेनालिन सुटणं कमी होतं. बीटा-१ मुख्यतः हृदयात असतं. ते दाबलं की ठोके वाढतात आणि जोरदार पडतात. बीटा-२ श्वासनलिका आणि गर्भाशय सैल करतं, आणि हातांना कंपही आणतं. बीटा-३ मूत्राशयाची पिशवी सैल करतं.

माझ्या मते या पानावरची सगळ्यात उपयोगी गोष्ट ही: या औषधांचा गुण आणि दुष्परिणाम बहुतेक वेळा एकच असतात. बटण तेच, फक्त अवयव दुसरा.

३. औषधं या यंत्रणेत नेमकी कुठे हात घालतात?

जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर. काही औषधं बटण स्वतः दाबतात, उदाहरणार्थ सालब्युटामॉल, फेनिलेफ्रिन. काही बटणावर नुसती बसून राहतात आणि दुसऱ्याला दाबू देत नाहीत. हे सगळे "ब्लॉकर": प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉल, प्राझोसिन, टॅम्सुलोसिन. काही औषधं बटणाला हातही लावत नाहीत. ती नसेच्या टोकाशी साठवलेलं नॉरॲड्रेनालिन बाहेर ढकलतात. ॲम्फेटामाइन आणि मेफेंटरमाइन ही त्यातली (प्रश्न १८). कोकेन सुटलेलं नॉरॲड्रेनालिन परत आत घेऊ देत नाही, म्हणून ते बाहेरच रेंगाळतं. रेसर्पिन साठवणच रिकामी करतं (प्रश्न १४). क्लोनिडिन आणि मेथिलडोपा ही बीपीची औषधं मेंदूतला अल्फा-२ ब्रेक दाबतात. मेथिलडोपा जुनं झालं, तरी गरोदरपणातल्या बीपीसाठी ते अजून वापरतात.

४. दम्याचा पंप घेतला की हात थरथरतात आणि छाती धडधडते. औषध मला सोसत नाही का?

सोसतं. सालब्युटामॉल बीटा-२ बटण दाबतं. श्वासनलिकेतलं दाबलं गेलं की श्वास मोकळा होतो, हाताच्या स्नायूतलं दाबलं गेलं की कंप येतो. थोडं औषध हृदयापर्यंत पोचतं, म्हणून धडधड. साधारणतः थोड्या वेळात हे ओसरतं.

यावरून लोक उलटाच निष्कर्ष काढतात. "पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी" असं म्हणतात. हिशेब करून बघा. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ४,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळीस दाबांइतकं. आणि ते सगळं आधी रक्तात फिरणार, मग फुप्फुसात पोचणार. थरथर कुणात जास्त होईल ते सांगायला नको.

काळजी करायची ती दुसऱ्या गोष्टीची. आराम देणारा पंप पूर्वीपेक्षा वारंवार लागू लागला, तर दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ. अशा वेळी दाब वाढवत न बसता डॉक्टरांना भेटा.

५. बीटा ब्लॉकर बीपीलाही देतात, अर्धशिशीलाही आणि थायरॉइडलाही. एकच गोळी इतक्या ठिकाणी कशी चालते?

बटणं सगळीकडे आहेत म्हणून. हृदयातलं बीटा-१ झाकलं की ठोके मंदावतात, हृदयाचे श्रम कमी होतात आणि अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारं छातीचं, दुखणं कमी होतं. मूत्रपिंडातलं झाकलं की बीपी वाढवणारं रेनिन कमी सुटतं. थायरॉइड वाढलेल्या माणसाची धडधड आणि हातांचा कंप प्रोप्रानोलॉलने काही तासांत उतरतो, मूळ आजाराला मात्र ते हात लावत नाही. अर्धशिशीत रोज घेतलं तर झटके कमी येतात. चालू झटक्यात घेऊन उपयोग नाही.

ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही औषधं मुख्यतः बीटा-१ झाकतात. प्रोप्रानोलॉल बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही झाकतं. "मुख्यतः" हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. डोस वाढला की हा भेदभाव पुसट होत जातो. हातपाय गार पडणं, थकवा येणं, प्रोप्रानोलॉलमुळे चित्रविचित्र स्वप्नं पडणं या तक्रारी खऱ्या असतात. डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात.

६. आईला जुना दमा आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूसाठी थेंब दिल्यापासून दम वाढला. थेंबांनी असं होईल का?

होऊ शकतं, आणि हे निसटतं. काचबिंदूच्या थेंबांत बऱ्याचदा टिमोलॉल असतं, आणि ते प्रोप्रानोलॉलसारखं दोन्ही बीटा झाकतं. डोळ्यातला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून सरळ रक्तात जातो. गोळी घेतली तर औषधाला आधी यकृतातून जावं लागतं आणि बराच भाग तिथे नष्ट होतो. थेंबाला ती चाळणी नाही. श्वासनलिकेतलं बीटा-२ झाकलं गेलं की दमा उसळतो, वर आराम देणारा पंपही नीट काम करत नाही, कारण त्याचं बटण आधीच कोणीतरी अडवलेलं असतं.

दोन्ही डॉक्टरांना आजच सांगा. काचबिंदूसाठी दुसऱ्या जातीचे थेंब आहेत. थेंब मनाने बंद करून बसू नका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. दमा नसलेल्यांनीही थेंब टाकल्यावर डोळा मिटून, डोळ्याचा नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं हलका दाबून धरावा. औषध डोळ्यात राहतं, अंगात कमी जातं.

७. मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. बीटा ब्लॉकर सुरू केल्यावर "साखर उतरलेली कळणार नाही" असं मेडिकलवाल्याने सांगितलं. खरं का?

अर्धं खरं. साखर खाली गेली की शरीर ॲड्रेनालिन सोडतं, त्याने धडधड आणि थरथर होते आणि माणूस सावध होतो. बीटा ब्लॉकर या दोन्ही खुणा पुसतो. पण घाम पुसत नाही, कारण घामाची नस ॲसिटिलकोलिनवर चालते (प्रश्न १ मधला अपवाद). म्हणून अशा गोळ्या घेणाऱ्याला कारण नसताना दरदरून घाम आला, तर आधी साखर तपासा. यंत्र हाताशी नसेल तर साखर खा, मग विचार करा. प्रोप्रानोलॉलसारख्या औषधाने उतरलेली साखर सावरायलाही वेळ लागतो. त्यामुळे मधुमेहींना द्यायचाच झाला, तर बीटा-१ पुरता मर्यादित असलेला ब्लॉकर बहुधा निवडतात.

८. बीपी महिनाभर नॉर्मल आहे. गोळी बंद केली तर काय बिघडेल?

या गटातल्या औषधांपुरतं बोलायचं तर पुष्कळ बिघडू शकतं. बीटा बटणं दीर्घकाळ झाकून ठेवली की पेशी गप्प बसत नाही, ती नवी बटणं तयार करते. गोळी एका दिवसात बंद केलीत की ती सगळी वाढीव बटणं उघडी पडतात आणि नेहमीच्याच नॉरॲड्रेनालिनला हृदय जोरात उत्तर देऊ लागतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना यातून अंजायना, क्वचित हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. क्लोनिडिनचं आणखी वाईट. ते एकदम थांबवलं तर दिवसा-दोन दिवसांत बीपी पहिल्यापेक्षाही वर उसळू शकतं.

डोस पायरीपायरीने, एक-दोन आठवडे घेऊन, डॉक्टरांच्या नजरेखाली उतरवतात. सणाला गावी जाताना गोळ्या घरी विसरणं, एकादशीला "आज उपास, गोळी नको", ऑपरेशनच्या दिवशी उपाशीपोटी म्हणून स्वतःच चुकवणं, या तीन तऱ्हांनी लोक नकळत गोळी थांबवतात. ऑपरेशनच्या सकाळी बीटा ब्लॉकर घोटभर पाण्याबरोबर सहसा चालू ठेवतात. आपल्या भूलतज्ज्ञांना विचारून घ्या.

९. मुलाखतीच्या आधी मित्र प्रोप्रानोलॉल घेतो. मी घेऊ का?

ते काम करतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. आवाजाचा आणि हातांचा कंप जातो, धडधड थांबते. नेमबाजी आणि तिरंदाजीत त्यावर बंदी आहे ती यासाठीच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाला यामुळे दोन पदकं परत करावी लागली. पण ते अंगाची भीती घालवतं, मनातली नाही. अभ्यास झाला नसेल तर तुम्ही न थरथरता चुकीचं उत्तर द्याल.

मित्राची पट्टी घेऊ नका. दमा, मुळातच मंद नाडी, हृदयातला विद्युत अडथळा, व्हेरापॅमिलसारखी ठोके मंदावणारी दुसरी गोळी, यांपैकी काही असेल तर एक डोसही महागात पडू शकतो. घ्यायचंच तर डॉक्टरांना विचारून, आणि पहिला प्रयोग मुलाखतीच्या दिवशी करू नका.

१०. नाकाचे थेंब सोडले की नाक पुन्हा बंद. दोन वर्षं झाली. ही ॲलर्जी का?

आता ॲलर्जीपेक्षा थेंबांचाच संशय जास्त. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्यांचं अल्फा बटण दाबतात, वाहिन्या आवळतात, नाक मोकळं होतं. काही दिवसांनी त्या वाहिन्या दाद देईनाशा होतात आणि थेंबाचा असर उतरला की पहिल्यापेक्षा जास्त सुजतात. मग पुन्हा थेंब. तीन ते पाच दिवसांच्या पुढे हे थेंब वापरू नयेत ते एवढ्यासाठीच.

सोडायचे कसे? कान-नाक-घशाचे डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइड फवारा सुरू करून थेंब बंद करायला सांगतात. काहीजण आधी एका नाकपुडीचे सोडतात, ती सुधारली की दुसरीचे. पहिला आठवडा कठीण जातो. मिठाच्या पाण्याच्या थेंबांची सवय लागत नाही, ते खुशाल वापरा.

११. बीपी असताना सर्दीची गोळी चालते का?

पट्टीच्या मागची नावं वाचा. फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असेल, तर बीपी आटोक्यात नसलेल्यांनी टाळावी. याच घराण्यातलं फेनिलप्रोपॅनोलामाइन मेंदूतल्या रक्तस्रावाच्या धोक्यामुळे अमेरिकेत २००० मध्ये मागे घेतलं गेलं, भारतात २०११ मध्ये त्यावर बंदीची अधिसूचना निघाली.

फेनिलेफ्रिनची गंमत वेगळीच. ते आतड्यात आणि यकृतात इतकं मोडतं की नाकापर्यंत नावापुरतंच उरतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं की तोंडावाटे घेतलेलं फेनिलेफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करत नाही. तरी आपल्याकडच्या सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत ते आहेच. डिसेंबर २०२३ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापायला सांगितलं. वाफ घेणं निदान निरुपद्रवी आहे, तेही लहान मुलांना भांड्यापासून लांब ठेवून.

१२. दाताच्या इंजेक्शननंतर छाती धडधडली. मला बधिरीकरणाची ॲलर्जी आहे का?

बहुधा नाही. बधिर करणाऱ्या लिग्नोकेनमध्ये थोडं ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून औषध जागच्या जागी टिकतं आणि रक्त कमी येतं. त्यातलं थोडं रक्तात गेलं की पाच-दहा मिनिटं धडधड होते. अंगावर पित्त उठणं, ओठ-जीभ सुजणं, श्वास अडकणं ही ॲलर्जीची लक्षणं. हृदयरोग असेल किंवा प्रोप्रानोलॉल चालू असेल, तर दंतवैद्याला आधीच सांगा. ते प्रमाण कमी ठेवतात किंवा ॲड्रेनालिन नसलेलं औषध वापरतात.

१३. विंचू चावल्यावर बीपीची गोळी देतात हे खरं आहे का?

खरं आहे, आणि ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे. कोकणातल्या लाल विंचवाचं विष नसांमधले सोडियमचे मार्ग उघडे ठेवतं, आणि अनुकंपी नसा साठवलेलं सगळं एकदम ओकून टाकतात. प्रश्न १ मधलं कुत्रं तासन् तास अंगावर धावून येत आहे असं समजा. उलट्या, दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, बीपी भरमसाट, पुरुषांमध्ये लिंगाची न उतरणारी ताठरता. मग थकलेलं हृदय, फुप्फुसांत पाणी, गुलाबी फेस.

रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशी माणसं मरताना पाहिली आणि एकेकाची बारकाईने नोंद ठेवली. १९८० च्या दशकात त्यांनी प्राझोसिन हे बीपीचं औषध वापरून पाहिलं. ते अल्फा-१ झाकतं, म्हणजे वादळात आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं आणि हृदयावरचा भार उतरवतं. स्वस्त गोळी, तोंडावाटे द्यायची, खेड्यातही देता येते. गंभीर दंशातले मृत्यू ४० टक्क्यांच्या आसपास होते, ते १ टक्क्यापर्यंत खाली आले. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेची विंचवाच्या विषावरची प्रतिलस आली. महाडमध्येच ७० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही दिलेले रुग्ण नुसतं प्राझोसिन दिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मग बीटा ब्लॉकर का देत नाहीत? बीटा झाकलं तर अल्फाला मोकळं रान मिळतं आणि बीपी आणखी चढू शकतं. हाच सापळा प्रश्न १९ मध्ये पुन्हा भेटेल.

घरच्यांसाठी: चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. नुसता प्रचंड ठणका असेल तर ते त्यातल्या त्यात बरं. ठणका कमी आणि घाम, उलट्या, गार हातपाय असतील, तर ताबडतोब दवाखाना गाठा, विशेषतः लहान मूल असेल तर. आजोबांची प्रोस्टेटची किंवा बीपीची प्राझोसिन घरातच आहे म्हणून ती देऊ नका. ती बहुधा सावकाश विरघळणारी असते, दंशात साधी गोळी लागते, आणि ती नाडी-बीपी पाहत, पडून ठेवूनच द्यावी लागते.

१४. सर्पगंधा आयुर्वेदिक आहे, मग बीपीच्या गोळीबरोबर घेतली तर काय हरकत?

हरकत मोठी आहे. सर्पगंधेतलं रेसर्पिन नसेच्या टोकाशी नॉरॲड्रेनालिन साठवूच देत नाही. कोठार हळूहळू रिकामं होतं, आणि औषध बंद केल्यावरही पुन्हा भरायला दिवस-आठवडे लागतात. बरोबर बीटा ब्लॉकर असेल तर नाडी फार मंदावू शकते.

सर्पगंधेची कर्तबगारी खोटी नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये बीपीच्या ५० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर हा वैद्यकातला मोठा अमेरिकी पुरस्कार मिळाला. बीपीवरच्या पहिल्या खऱ्या परिणामकारक औषधांत रेसर्पिनची गणना होते. मग ते मागे का पडलं? नाक चोंदणं, सुस्ती, आणि जास्त डोसात काहींना येणारं खोल नैराश्य. "वनस्पती आहे, अपाय नाही" असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो. ज्या औषधाला गुण आहे त्याला अवगुणही असणारच.

१५. प्रोस्टेटच्या गोळीने बाबांना रात्री उठताना भोवळ येते. आणि मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी तिची चौकशी का केली?

टॅम्सुलोसिन, प्राझोसिन यांसारखी औषधं मूत्राशयाच्या तोंडाचं अल्फा-१ झाकतात, लघवी मोकळी होते. तेच बटण रक्तवाहिन्यांतही असल्यामुळे उभं राहताना बीपी घसरतं. पहिल्या डोसाला आणि डोस वाढवल्यावर हे जास्त होतं. उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावं, मग उभं राहावं. टॅम्सुलोसिन मूत्रमार्गातल्या अल्फावर जास्त बसतं, म्हणून भोवळ तुलनेने कमी, शून्य नव्हे.

डोळ्याच्या बाहुलीभोवतीच्या पडद्यातही हेच बटण आहे. गोळी घेणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी तो पडदा ढिला पडून फडफडतो आणि बाहुली लहान होते. हे २००५ मध्ये पहिल्यांदा वर्णिलं गेलं. गोळी ऐनवेळी बंद करून तो धोका टळेलच असं नाही, पण शल्यविशारदाला आधी माहीत असेल तर तो तयारीने उतरतो.

१६. माझं हृदय कमजोर आहे, पंपिंग कमी. तरी हृदय मंद करणारी गोळी दिली. चूक झाली का?

जुन्या पुस्तकांनुसार चूक, आजच्या ज्ञानानुसार बरोबर. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा "हृदय निकामी, तर बीटा ब्लॉकर वर्ज्य" असं घोकून घेत. पण कमजोर हृदयाला सतत ॲड्रेनालिनचे चाबूक बसत राहिले तर ते आणखी झिजतं. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी उलटा प्रयोग करून पाहिला, आणि १९९९ मधल्या बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या मोठ्या चाचण्यांनी मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात हे दाखवलं. अट एकच: अगदी लहान डोसाने सुरुवात आणि आठवड्या-आठवड्यांनी वाढ. सुरुवातीला थकवा वाढला, वजन दोन-तीन दिवसांत भराभर वाढलं किंवा पाय सुजले, तर लगेच कळवा.

१७. तीव्र ॲलर्जीत बीपीच्या रुग्णाला ॲड्रेनालिन देता येतं का?

द्यायलाच हवं. श्वास अडकतो आहे, बीपी कोसळतं आहे, अशा वेळी मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ॲड्रेनालिन, प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम, हा पहिला उपाय आहे. ॲलर्जीची गोळी किंवा स्टेरॉइड त्याची जागा घेत नाही. पेच येतो तो बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचा. त्यांच्यात ॲड्रेनालिन कमी लागू पडू शकतं, मग ग्लुकागॉन वापरतात, ते बीटा बटणाला वगळून हृदयाला जोर देतं. गोळ्यांची नावं पाठ नसली तरी चालेल, पण बीटा ब्लॉकर चालू असल्याची चिठ्ठी पाकिटात असू द्या.

१८. स्पायनल भूल दिल्यावर माझं बीपी पडलं आणि एक इंजेक्शन देऊन वर आणलं. जिममधली मुलं तेच इंजेक्शन घेतात म्हणे?

हो, दुर्दैवाने. कमरेत भूल दिली की पायांच्या नसांबरोबर अनुकंपी नसाही बंद होतात. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी उतरतं. ते वर आणायला फेनिलेफ्रिन, एफेड्रिन किंवा मेफेंटरमाइन देतात. ऑपरेशनच्या टेबलावर, मॉनिटर लावून, हे अगदी नेहमीचं.

मेफेंटरमाइन साठवलेलं नॉरॲड्रेनालिन बाहेर ढकलतं, म्हणून थकवा कळत नाही आणि व्यायामात "पंप" मिळतो. पण कोठार रिकामं होत जातं. तोच परिणाम मिळायला डोस वाढवावा लागतो, सोडलं की माणूस गळून पडतो, मग पुन्हा सुई. चढलेलं बीपी, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात, संशयाने पछाडलेलं मन हे सगळं तरुण मुलांत पाहायला मिळतं. महाराष्ट्रात अशा बेकायदा साठ्यांवर पोलिसांच्या धाडी वारंवार पडतात. मुलगा झोपत नसेल, चिडखोर झाला असेल आणि दंडावर किंवा कोपराच्या खाचेत टोचल्याच्या खुणा असतील, तर ओरडण्याआधी मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या.

१९. बीटा ब्लॉकर दिल्यावर बीपी कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. असं होऊ शकतं का?

क्वचित, पण होतं. त्यामागे कधी अधिवृक्क ग्रंथीची गाठ निघते, फिओक्रोमोसायटोमा. ती मनाला येईल तेव्हा ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन रक्तात ओतते. डोकेदुखी, घाम आणि धडधड यांचे झटके एकत्र येतात, झटक्यात चेहरा बहुधा पांढराफटक पडतो. अशा माणसाचं बीटा-२ झाकलं की रक्तवाहिन्या सैल ठेवणारा हात निघून जातो, आणि अल्फाचा आवळणारा हात एकटाच उरतो. म्हणून नियम असा, की आधी अल्फा ब्लॉकर, ऑपरेशनपूर्वी साधारण दहा ते चौदा दिवस, आणि त्यानंतरच गरज असेल तर बीटा ब्लॉकर. कोकेन घेतलेल्या रुग्णाला बीटा ब्लॉकर द्यायला डॉक्टर बिचकतात, तेही याच कारणाने.

निदानासाठी रक्तातलं किंवा चोवीस तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रिन, म्हणजे ॲड्रेनालिन मोडून तयार होणारा पदार्थ, तपासतात. काही नैराश्यविरोधी गोळ्या आणि सर्दीच्या गोळ्यांमुळे हा आकडा खोटाच वाढलेला दिसू शकतो. तपासणीला जाण्याआधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. त्यात प्रश्न १० मधले थेंबही लिहा.